डासांच्या सापळ्यासाठी घरगुती कार्बन डायऑक्साइड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सापळ्याच्या खोक्यावर ‘कार्बन डायऑक्साइड तयार करतो’ एवढंच छापलेलं असतं. किती, ते छापत नाहीत. खालच्या बहुतेक उत्तरांचं घोडं त्या ‘किती’पाशीच अडतं, म्हणून सगळीकडे एकच माप धरलं आहे: मिनिटाला किती मिलिलिटर. हिशेब २५ अंश सेल्सिअसचे आहेत. त्या तपमानाला ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड साधारण २४.५ लिटर जागा घेतो.

डास या वायूमागे का येतात?

आपल्या उच्छ्वासात सुमारे ४ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो, बाहेरच्या हवेत ०.०४ टक्के. म्हणजे शंभरपट फरक. मादी डासाच्या तोंडाशी सोंडेलगत दोन आखूड स्पर्शक असतात. त्यांवरच्या चेतापेशी हा फरक टिपतात. वाऱ्याबरोबर तुटक तुटक येणाऱ्या झोतांचा माग काढत ती उडते आणि जवळ आल्यावर घामाचा वास, अंगाची ऊब, गडद रंग यांवर नेम धरते. कार्बन डायऑक्साइड डासांना ओढतो हे रुडॉल्फ्स यांनी अमेरिकेत १९२२ सालीच नोंदवलं होतं. १९६२ पासून क्षेत्रपाहणीत वापरात असलेल्या सीडीसी (अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था) प्रकाशसापळ्याला आजही शेजारी ड्राय आइसचा (गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडचा) डबा टांगतात, तो याच कारणाने.

इथे एक बारकावा आहे. डास एकूण प्रमाणापेक्षा *बदल* ओळखतो. दहा माणसं बसलेल्या बंद खोलीत सगळी हवाच उच्छ्वासाने भरलेली असते. तिथे सापळ्याचा झोत वेगळा उठून दिसत नाही.

मिनिटाला किती वायू लागतो?

स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला २०० ते २५० मिलिलिटर सोडतो. सापळ्याने माणसाशी स्पर्धा करायची तर आकडा त्याच पट्टीतला हवा. प्रोपेनवर चालणारे मोठे अमेरिकी सापळे ९ किलोची टाकी साधारण ३ आठवड्यांत संपवतात. हिशेब केला तर ते मिनिटाला जवळजवळ ५०० मिलिलिटर होतात. घरच्या अंगणासाठी १०० मिलिलिटर हे कामचलाऊ माप धरा. खालच्या सगळ्या कृती त्याच मापाच्या आहेत. मिनिटाला ५-१० मिलिलिटरवर सापळा चालतो असं कोणी सांगितलं, तर तो खरं तर दिव्यावर किंवा वासाच्या पुडीवर चालत असतो.

टायटेनियम डायऑक्साइडचा लेप असलेला दिव्याचा सापळा किती वायू बनवतो?

तत्त्व खोटं नाही. टायटेनियम डायऑक्साइडवर अतिनील प्रकाश पडला की त्यात इलेक्ट्रॉन आणि ‘पोकळी’ अशी जोडी तयार होते. ही पोकळी ओलाव्याच्या आणि प्राणवायूच्या मदतीने पृष्ठभागावर चिकटलेले सेंद्रिय रेणू जाळते, आणि पूर्ण जळलेल्या रेणूतल्या कार्बनचा शेवटी कार्बन डायऑक्साइड होतो. याला प्रकाश-उत्प्रेरण म्हणतात. १९७२ साली फुजिशिमा आणि होंडा यांनी याच पदार्थावर प्रकाश टाकून पाण्याचं विघटन दाखवलं, तेव्हापासून हा विषय गाजतो आहे.

आता आकडे. ३६५ नॅनोमीटरच्या १ वॅट अतिनील प्रकाशात सेकंदाला सुमारे ३ मायक्रोमोल फोटॉन (प्रकाशाचे कण) असतात. (दिवा ८ वॅटचा असला तरी त्यातून अतिनील म्हणून बाहेर पडतात एखाद-दीड वॅट.) फॉर्माल्डिहाइडसारखा सोपा रेणू पूर्ण जाळायला कार्बनच्या प्रत्येक अणूमागे ४ पोकळ्या खर्च होतात. एकही फोटॉन वाया गेला नाही असं धरलं तरी मिनिटाला जेमतेम १.१ मिलिलिटर वायू निघतो. प्रत्यक्षात बहुतेक जोड्या काम न करताच पुन्हा जुळतात, बराच प्रकाश लेपावर पडतच नाही, आणि शंभरातले मोजके फोटॉन कामी येतात. म्हणजे उरले मिलिलिटरचे काही शतांश.

त्यात जळण कुठून येणार, हा प्रश्न वेगळाच. कार्बन हवेतून उपटत नाही. तो धूळ, स्वयंपाकाची वाफ, अत्तर, रंगाचा वास यांतून यावा लागतो. अंगणातल्या मोकळ्या हवेत ते अगदीच थोडं असतं.

उरलीसुरली आशा पंख्याच्या हिशेबात संपते. सापळ्याचा छोटा पंखा मिनिटाला अर्धा घनमीटर हवा ओढतो असं धरू. त्या हवेत मुळातच २१० मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड असतो. त्यात लेपाने ०.०५ मिलिलिटर भर घातली तर डासाला काय, चांगल्या मीटरलाही ती कळणार नाही.

मग त्या सापळ्यात सकाळी किडे कसे सापडतात?

दिव्यामुळे. जाळीतला ऐवज पांढऱ्या कागदावर ओता आणि भिंगाखाली पाहा: पतंग, तुडतुडे, पंखवाल्या मुंग्या आणि डासासारखे दिसणारे पण न चावणारे चिलटवर्गी कीटक. मादी डास ओळखायचा तो लांब, सरळ पुढे आलेल्या सोंडेवरून. अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात विजेच्या कीटकमार दिव्यांवर मोजणी झाली होती. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत १३,७८९ मेलेल्या किड्यांपैकी चावणारे फक्त ३१ निघाले. डेंग्यूचा एडिस तर दिवसा चावतो, सकाळी आणि संध्याकाळी जास्त. त्याला रात्रीच्या जांभळ्या दिव्याचं फारसं आकर्षण नाही.

प्रकाश-उत्प्रेरणाने वायू होतो हे स्वतःच्या डोळ्यांनी बघता येईल का?

येईल, आणि कॉलेजच्या प्रकल्पाला हा प्रयोग फार छान आहे. गुपित एवढंच की भांडं छोटं आणि बंद हवं, म्हणजे मायक्रोलिटरमधला वायूही मीटरवर दिसतो. १ मायक्रोलिटर इथेनॉल पूर्ण जळलं तर ०.८४ मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड होतो. १० लिटरच्या हवाबंद बरणीत २० मायक्रोलिटर, म्हणजे एक छोटा थेंब टाकला, तर वाचन सुमारे १,७०० पीपीएमने (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) चढायला हवं.

पी-२५ नावाने मिळणारी टायटेनियम डायऑक्साइडची पावडर घ्या. १ ग्रॅम पावडर ५० मिलिलिटर पाण्यात ढवळून खरखरीत केलेल्या काचेवर पसरा, वाळवा, आणि प्रयोगशाळेत भट्टी असेल तर ४५० अंशांवर अर्धा तास भाजा. न भाजलेला लेप बोट लावताच निघतो, पण एका प्रयोगापुरता टिकतो. पावडर अतिबारीक असते, हाताळताना मास्क हवाच. लेप झाला की लगेच मोजू नका. आधी काच दोन-तीन तास मोकळ्या हवेत अतिनील दिव्याखाली ठेवा. नाहीतर काचेवर बसलेला बोटांचा तेलकटपणाच जळतो आणि थेंब न टाकताही वाचन चढतं.

मग बरणीत काच, मीटर आणि थेंब. दिवा बंद ठेवून अर्धा तास वाचन स्थिर आहे का बघा, नंतर दिवा लावा. सुरुवातीला वाचन रेंगाळतं, कारण इथेनॉलचं आधी ॲसिटाल्डिहाइड होतं आणि ते जळायला वेळ लागतो. बरणी उघडल्यावर कच्च्या सफरचंदासारखा उग्र वास आला तर समजा, काम अर्ध्यावर आहे. याच कारणाने कमी ताकदीचे ‘प्रकाश-उत्प्रेरक हवाशुद्धक’ कधीकधी खोलीत नको ते वायू सोडतात.

तुलनेसाठी लेप नसलेली काच ठेवून सगळं पुन्हा करा. दिव्याच्या उष्णतेनेही पृष्ठभागावर चिकटलेला वायू सुटतो, तो वजा करायला हा फेरा लागतो. अतिनील दिव्याकडे थेट बघू नका.

वाचन चढतच नाही. कुठे चुकतंय?

बहुतेक वेळा दिवा चुकीचा असतो. ॲनाटेज प्रकारच्या टायटेनियम डायऑक्साइडला ३८८ नॅनोमीटरपेक्षा आखूड तरंगलांबी लागते. बाजारात स्वस्त मिळणारे जांभळे एलईडी ३९५ ते ४०५ चे असतात. खोली छान जांभळी होते, काम काही होत नाही. ३६५ चे मागा. दुसरी चूक रंगाच्या दुकानातली पावडर आणण्याची. रंगात घालायचं टायटेनियम बहुधा रूटाइल या दुसऱ्या स्फटिकप्रकारचं असतं आणि त्याच्या कणांवर मुद्दाम ॲल्युमिना-सिलिकाचं कवच चढवलेलं असतं, कारण उघडं टायटेनियम उन्हात रंगालाच खाऊन टाकेल.

तिसरी चूक मीटरची. ‘ई-सीओटू’ लिहिलेले स्वस्त सेन्सर कार्बन डायऑक्साइड मोजतच नाहीत. ते सेंद्रिय वाफा मोजून अंदाज छापतात. इथेनॉलचा थेंब टाकताच ते हजारोंत उडी मारतात आणि दिवा लावल्यावर उतरतात, म्हणजे नेमकं उलटं! एनडीआयआर प्रकारचाच, म्हणजे अवरक्त प्रकाशाने थेट कार्बन डायऑक्साइड मोजणारा सेन्सर घ्या.

रात्रभर वायू हवा असेल तर सगळ्यात सोपी पद्धत कोणती?

साखर आणि यीस्ट. केनियाच्या पश्चिम भागात मलेरियाच्या डासांवर काम करताना ड्राय आइस मिळत नाही म्हणून हीच पद्धत वापरली गेली: २५० ग्रॅम साखर, १७.५ ग्रॅम कोरडं यीस्ट, २.५ लिटर पाणी. साखरेतून जास्तीत जास्त ७० लिटर वायू निघू शकतो. रात्रीच्या १२ तासांत सगळी आंबली असती तर मिनिटाला १०० मिलिलिटर झाले असते. पण काही साखर मागे उरते, त्यामुळे सरासरी त्याखालीच राहते.

५ लिटरचा पाण्याचा कॅन घ्या. निम्मा रिकामा राहिलाच पाहिजे, कारण फेस चढतो. पाणी अंघोळीच्या पाण्यापेक्षा कोमट, ३५ अंशांच्या आसपास. साखर पूर्ण विरघळवा, मग बेकरीवाल्यांचं इन्स्टंट ड्राय यीस्ट वरून भुरभुरवा (सहा सपाट चहाचे चमचे). पाच मिनिटांनी हलवा. बुचाला भोक पाडून ६ ते ८ मिलिमीटर आतल्या व्यासाची नळी बसवा, सांधा एम-सीलने बंद करा. नळी थेट सापळ्याकडे नेऊ नका. मध्ये एक रिकामी बाटली ठेवा म्हणजे फेस तिथे अडकतो. सापळा लावण्याआधी पाऊण तास मिश्रण तयार असू द्या. पहिले सात-आठ तास जोर चांगला असतो, पहाटेकडे उतरतो.

नळीला कुठेही चिमटा किंवा वाल्व्ह लावू नका. वायू थांबवता येत नाही, फक्त कोंडता येतो, आणि कोंडलेला कॅन फुटतो. नळीत फेस वाळून बसला तरी तेच होतं. बूच आट्यांचं घट्ट न लावता दाबून बसणारं ठेवलं तर वेळप्रसंगी तेच उडतं आणि कॅन वाचतो.

साखरेऐवजी गूळ, काकवी किंवा मळी चालेल?

उत्तम चालते. गूळ ३०० ग्रॅम, काकवी साधारण ४०० ग्रॅम घ्या. त्यांत खनिजं असल्याने यीस्ट नुसत्या साखरेपेक्षा जोमाने उठतं, मात्र फेसही जास्त येतो. केनियात पुढे मळीच वापरात आली. आपल्याकडे साखर कारखान्यांची मळी मुबलक असली, तरी तिची साठवणूक आणि वाहतूक राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या परवान्याखाली येते, त्यामुळे काकवीवर समाधान माना. आणि हे आंबवण पिंपाच्या मापाने करू नका. बघणाऱ्याच्या दृष्टीने ते हातभट्टीचं रसायनच.

मिश्रण थंडच पडलंय, बुडबुडे नाहीत.

आधी नळी पाण्यात बुडवून बघा. बुडबुडे नसतील पण मिश्रणावर फेस असेल तर बुचाशी गळती आहे. साबणाचं पाणी लावलं की जागा सापडते. फेसही नसेल तर यीस्ट मेलेलं आहे. अर्धा कप कोमट पाणी, चमचाभर साखर, चमचाभर यीस्ट: दहा मिनिटांत फुगलं नाही तर पाकीट टाकून द्या. उघडलेलं पाकीट फ्रिजमध्ये हवाबंद ठेवावं लागतं.

विदर्भात मे महिन्यात कॅन उन्हात राहिला तर मिश्रण ४० अंशांवर जातं आणि यीस्ट मान टाकतं. ओलं पोतं गुंडाळून सावलीत ठेवा. महाबळेश्वरच्या डिसेंबरात उलट त्रास: १५ अंशांखाली वायू निम्म्याहून कमी होतो. तिथे कॅन कोमट पाण्याच्या घमेल्यात ठेवा.

सापळ्यात चिलटंच जास्त येऊ लागली तर तो आंबट-दारूसारख्या वासाचा परिणाम आहे. मधल्या बाटलीत थोडं पाणी घालून वायू त्यातून बुडबुडत जाऊ दिला की वास बराच कमी होतो.

फक्त संध्याकाळी तीन तास हवा आहे. चालू-बंद करता येईल असं काही?

खाण्याचा सोडा आणि लिंबूसत्व (सायट्रिक आम्ल), सलाईनच्या सेटमधून थेंब थेंब. आमच्या मते घरच्यासाठी हीच सगळ्यात आटोपशीर पद्धत, कारण यात वायूचा वेग थेंब मोजून कळतो.

मिनिटाला १०० मिलिलिटर, तीन तास, म्हणजे १८ लिटर. त्याला ६२ ग्रॅम सोडा आणि ५२ ग्रॅम लिंबूसत्व पुरतं. लिंबूसत्वाच्या रेणूतलं तिसरं आम्ल दुबळं असल्याने सोडा मुद्दाम जास्त, ८० ग्रॅम घ्या. तो दीड-दोन लिटरच्या बाटलीत १५० मिलिलिटर पाण्यात कालवा. सगळा विरघळत नाही, विरघळायला नकोही. ५२ ग्रॅम लिंबूसत्व पाण्यात विरघळवून *एकूण* १८० मिलिलिटर करा आणि रिकाम्या सलाईनच्या बाटलीत भरा. औषधाच्या दुकानातून नवा सेट घ्या. साध्या सेटचे २० थेंब म्हणजे १ मिलिलिटर. मिनिटाला २० थेंब ठेवले की मिनिटाला १ मिलिलिटर आम्ल आणि १०० मिलिलिटर वायू. चाक फिरवलं की बंद.

बुचाला दोन भोकं: एकातून थेंबांची नळी आत, दुसऱ्यातून वायूची नळी बाहेर. आम्लाची बाटली सोड्याच्या बाटलीपेक्षा दोन-अडीच फूट उंच टांगा आणि तिला हवा आत जायला वाट ठेवा, नाहीतर अर्ध्या तासाने थेंब आपोआप थांबतात. सुरुवातीची काही मिनिटं वायू येत नाही, तो पाण्यात विरघळत असतो. घाईने चाक मोकळं सोडलं तर मागाहून एकदम उसळी येते. बाटली हाताला गार लागते, कारण ही क्रिया उष्णता शोषते. सोड्याचा तळाशी गोळा बसला तर तासातून एकदा बाटली हलवा. फेसाला खाद्यतेलाचा एक थेंब पुरे.

खाण्याचा सोडा म्हणजे धुण्याचा सोडा नव्हे. धुण्याचा घेतला तर आम्ल जास्त लागतं आणि पहिला अर्धा वेळ वायूच येत नाही. बेकिंग पावडरमध्ये पिष्ट आणि आम्ल आधीच असतं, पाणी लागताच ती सुटते.

व्हिनेगर, फ्रूट सॉल्ट, फरशी पुसायचं ॲसिड?

व्हिनेगरमध्ये आम्ल ४-५ टक्केच. १०० ग्रॅम सोड्याला दीड लिटरच्या आसपास व्हिनेगर लागेल, आणि वास अंगणभर. फ्रूट सॉल्टच्या ५ ग्रॅमच्या पुडीतून अर्धा ते पाऊण लिटर वायू येतो, तोही अर्ध्या मिनिटात. डासाला कळायच्या आत संपतो.

संगमरवराचे तुकडे आणि हायड्रोक्लोरिक आम्ल ही प्रयोगशाळेची जुनी रीत. किपचं उपकरण याच कामाचं. वायू भरपूर निघतो, पण सोबत आम्लाची वाफ येते. ती पाण्यातून धुऊन घ्यावी लागते, नाहीतर सापळ्याच्या पंख्याची मोटर गंजते. घरी नको. ब्लीचिंगजवळ तर मुळीच नको, क्लोरीन सुटतो. गंधकाम्ल वापरून बघणाऱ्यांना क्रिया दोन मिनिटांत थांबलेली दिसते: दगडावर जिप्समचा थर बसतो.

जाळून किंवा विजेने?

मेणबत्ती तासाला ५-७ ग्रॅम मेण जाळते आणि सुमारे २० ग्रॅम वायू देते, म्हणजे मिनिटाला १८०-१९० मिलिलिटर. आकडा मोहात पाडणारा आहे, पण गरम हवा सरळ वर जाते आणि पंख्याच्या वाऱ्यात ज्योत टिकत नाही. एलपीजीच्या १ किलोमधून ३ किलो वायू आणि दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ निघते. ज्योत पिवळी झाली की कार्बन मोनॉक्साइड. उत्प्रेरकावर जाळणारा तयार सापळा वेगळा आणि घरची जुगाड शेगडी वेगळी. बंद खोलीत कोळशाची शेगडी माणसं मारते.

विजेने ग्रॅफाइटची कांडी झिजवायची कल्पना अधूनमधून कोणीतरी मांडतं. सगळी वीज कामी आली तरी १ अँपिअरला मिनिटाला ३.८ मिलिलिटर, आणि प्रत्यक्षात बराचसा प्राणवायूच निघतो. पाण्यात मीठ टाकलं तर क्लोरीन.

ड्राय आइस मिळाला तर?

सोन्याहून पिवळं. १ किलोतून ५५० लिटरच्या आसपास वायू मिळतो. १२ तासांत संपला तर मिनिटाला पाऊण लिटरहून जास्त. थर्माकोलच्या डब्याच्या तळाला पेन्सिलीएवढं भोक पाडा आणि डबा सापळ्याच्या वर टांगा, वायू जड असल्याने स्वतःच खाली उतरतो. डबा कधीही हवाबंद करू नका. उणे ७८.५ अंश तपमान असतं, उघड्या हाताने उचलला तर कातडी सोलते.

सिलिंडर परवडतो का?

रोजचा वापर असेल तर शेवटी तोच स्वस्त आणि बिनकटकटीचा. २ किलोचा सिलिंडर मिनिटाला १०० मिलिलिटरने १८५ तास चालतो, म्हणजे रोज तीन तास धरून दोन महिने. रेग्युलेटरला सुईचा वाल्व्ह हवा. आग विझवायचा सिलिंडर जोडू नका. त्याच्या आत तळापर्यंत नळी असते, वायूऐवजी द्रव बाहेर येतो आणि रेग्युलेटर बर्फाने बंद पडतो.

वायू खरंच किती येतोय, कसं मोजायचं?

१ लिटरची बाटली पाण्याने भरून बादलीत उपडी धरा, नळीचं टोक आत घाला, रिकामी व्हायला किती वेळ लागला ते बघा. दहा मिनिटं लागली तर १०० मिलिलिटर. पाणी थोडा वायू पितं, म्हणून बादलीत मूठभर मीठ टाका आणि पहिलं वाचन सोडून द्या. वायू तोच आहे ना, याची खात्री चुन्याच्या निवळीने होते: पानाचा चुना पाण्यात कालवून वरचं नितळ पाणी घ्या, त्यात नळी सोडा. दुधाळ होतं. आणखी सोडत राहिलात तर पुन्हा नितळ होतं, त्याने गोंधळू नका.

नळीचं टोक कुठे ठेवायचं?

सापळ्याच्या तोंडापासून चार बोटं अंतरावर, पंखा ओढतो त्या हवेच्या कडेला. टोक आतच घातलं तर सगळा वायू पंखा पिशवीतून मागे फेकतो. सापळा सावलीत, वाऱ्याच्या आडोशाला, बसण्याच्या जागेपासून पाच-सहा मीटर दूर. जवळ ठेवलात तर डास सापळ्याच्या वासाने येतील आणि तुम्हाला चावतील.

एडिससाठी नुसता वायू पुरत नाही, अंगाच्या वासाची जोड लागते. दिवसभर घातलेला मोजा सापळ्याला बांधणं हा गबाळा पण कामाचा उपाय.

खोलीत वापरलं तर धोका आहे का?

३×३×३ मीटरच्या बंद खोलीत १८ लिटर वायू सुटला तर प्रमाण ६७० पीपीएमने वाढतं. तुम्ही स्वतः त्याच वेळात जवळपास दुप्पट सोडता. आठ तासांच्या कामासाठी ५,००० पीपीएम ही मर्यादा धरली जाते. मात्र त्याच खोलीत १ किलो ड्राय आइस उडाला तर प्रमाण २ टक्क्यांवर, म्हणजे २०,००० पीपीएमवर जातं. डोकं दुखतं, दम लागतो. तो आणि सिलिंडर बाहेरच.

सापळा लावला की कोरडा दिवस पाळायची गरज उरते का?

उरते. उन्हाळी तपमानात अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणूनच आठवड्यातून एकदा पिंप, कुंडीखालची ताटली, फ्रिजमागचा ट्रे रिकामे करून कोरडे करायचे. सापळ्याचं पाणी जमणारं झाकणही त्यातच आलं.

उरलेल्या मिश्रणाचं काय करायचं?

सोड्याच्या बाटलीतलं पाणी म्हणजे सोडियम सायट्रेट आणि थोडा सोडा. मोरीत ओता, झाडांना नको, सोडियमने माती बिघडते. यीस्टचा वरचा द्रव ओतून द्या, पण तळाचा गाळ ठेवा. त्यात नवी साखर आणि कोमट पाणी घातलं की आणखी दोन रात्री निघतात. तिसऱ्या रात्री जोर ओसरला की गाळ कंपोस्टमध्ये.